राखाडी पावडरीचा घोळ

१

काचेच्या नळीतून बुडबुडे यायचे बंद झाले, आणि त्याच दुपारी माझ्या नणंदेला तिच्या कॉलेजनं चोर ठरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मला फोनवर काही केल्या कळेना. तिकडं दीपाली रडत होती, इकडं मांडीवर माझी लेक गोलू वरणभाताचा घास थुंकून टाकत होती.

दीपाली नांदेडला एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. नायगाव तालुक्यातल्या आमच्या सासरच्या गावातून एवढं शिकलेली ती पहिलीच मुलगी. मी, देविका, लातूरला औसा रोडला राहते. एम.एस्सी. झाले आणि पुढचं सगळं गोलूच्या जन्मानं लांबलं. त्यामुळे घरात कुणाला काही समजून घ्यायचं असलं की फोन मलाच येतो, समजवायला मात्र मला कुणी नसतं.

तिचं काम मला ढोबळ माहीत होतं. पांढऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या पावडरीवर अगदी थोडं प्लॅटिनम बसवायचं. ती पावडर नळीत भरून तापवायची आणि वरून एक हायड्रोकार्बन द्रव सोडायचा. प्लॅटिनमला लागला की द्रवातला हायड्रोजन सुटा होतो. यालाच डिहायड्रोजनेशन म्हणतात. सुटलेला हायड्रोजन पाण्यातून बुडबुडे होऊन वर येतो. बुडबुडे भरभर आले म्हणजे पावडर चांगली.

पोळ्याच्या सुट्टीआधी ते भरभर येत होते. सुट्टीनंतर तीच पावडर घातली तर एखाददुसरा बुडबुडा, तोही रडतखडत. शिवाय पावडरीचा रंग बदललेला. आधी फिकट बदामी होती, आता चुलीतल्या राखेसारखी. विभागप्रमुख वीरभद्र सर म्हणाले, कुणीतरी प्लॅटिनमची पावडर काढून घेतली आणि बाटलीत भलतंच काही भरलं. बाटली कुलुपाच्या कपाटात होती. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडंच, सरांकडं आणि दीपालीकडं.

शुक्रवारी समिती बसणार होती. रजिस्ट्रेशन रद्द आणि वर पोलिसांत तक्रार.

"रजिस्ट्रेशन गेलं की माय मला घरी घेऊन जाईल, वहिनी," दीपाली म्हणाली. "एक स्थळ आणूनच ठेवलंय तिनं. म्हणती, शिकून काय चोऱ्याच करायच्या हायेत तर."

मी विचारायला नको ते विचारलं. म्हटलं, "तू नाही ना घेतलंस?"

ती म्हणाली, "कपाटाचं जरा वेगळं होतं वहिनी," आणि फोन ठेवून दिला.

२

दुसऱ्या दिवशी गोलूला कडेवर घेऊन मी लातूर–नांदेड एस.टी.त बसले. नवऱ्यानं, सुदर्शननं, दोनदा विचारलं की तू जाऊन करणार काय. मला तरी कुठं माहीत होतं.

घरात रांगणारं, चालणारं पोर असलं की कुठल्याही खोलीत शिरताना बाई आधी जमीन बघते. खाली काय पडलंय, हाताला काय लागेल, तोंडात काय जाईल. दीपालीच्या प्रयोगशाळेत मी तेच केलं. वायरी, गॅसच्या टाक्या, कोपऱ्यात लोखंडी तिजोरीसारखी दिसणारी मफल फर्नेस, म्हणजे नमुने भाजायची विजेची भट्टी. एवढं बघूनही गोलू हातातून निसटली आणि फर्नेसच्या पायाशी बसून काहीतरी चघळायला लागली. मी बोट घालून काढलं. लाल, विटेच्या तुकड्यासारखी कपची होती. फर्नेसच्या आतली वीट तुटली असेल म्हणून मी ती पदराला पुसून पर्समध्ये टाकली. तिच्या तोंडातून निघालेलं काहीही मी लगेच फेकत नाही. न जाणो, डॉक्टरला दाखवायची वेळ यायची.

दीपाली माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. कपाटाचं काय ते विचारलं तर म्हणाली, काही नाही, घाबरून बोलले.

मग मी एकेकाला भेटले. प्रयोगशाळेचे परिचर लिंबाजीमामा म्हणाले की पोळ्याला ते गावाकडं होते, बैलं सजवून राहिले होते, त्यांना काहीच ठाऊक नाही. दीपालीबद्दल मात्र ठामपणे बोलले. पोरगी नेक हाय, म्हणाले, पण नेकी कपाटाच्या कुलपाला कुठं कळती.

दीपालीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा संगमेश बिलोलीचा. त्याला स्वतःच्या कामासाठी प्लॅटिनम हवं होतं आणि मिळालं नव्हतं, एवढं मला दीपालीनंच कधीतरी सांगितलं होतं. माझा पहिला संशय त्याच्यावरच. तो हात पुसत पुसत बोलत होता, हात कोरडे झाले तरी पुसतच होता.

"ताई, मला कशाला विचारून राहिल्या," तो म्हणाला. "बाटली खरंच कपाटात होती का, ते आधी तुमच्या नणंदेला विचारा की."

आणि तो निघून गेला. कपाटाचीच गोष्ट, दुसऱ्यांदा.

वीरभद्र सरांनी मला खुर्ची दिली, गोलूला बिस्किट दिलं. माणूस रागावलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले की दीपालीचे मूळ मार्गदर्शक निवृत्त झाले म्हणून ती कागदोपत्री त्यांच्याकडं आली. त्यांचा स्वतःचा विषय कापडाचे रंग. "मला तुमचं ते उत्प्रेरक फारसं कळत नाही," ते म्हणाले, "पण आयुष्यभर रंग बघितलेत. ही पावडर ती नव्हेच."

मी म्हटलं, लातूरला माझा वर्गमित्र भागवत पावडरी तपासायचं एक्स-रेचं यंत्र चालवतो. दीपालीचा पहिला नमुनाही त्यानंच तपासला होता. या राखाडी पावडरीत प्लॅटिनम आहे की नाही, ते तो सांगेल. असलं तर चोरी झालीच नाही. नसलं तर माझं बोलणंच संपलं.

सरांनी स्वतः चिमूटभर पावडर पुडीत बांधून सील केली. मी ती घेऊन निघाले तेव्हा दीपाली जिन्यात उभी होती. म्हणाली, "वहिनी, नका तपासू."

३

तरी मी तपासली. भागवतच्या पडद्यावर आलेख उमटायला लागला आणि मला हायसं वाटलं. प्लॅटिनमच्या जागी उंच, टोकदार शिखरं होती. प्लॅटिनम होतं, ठणठणीत होतं. मी तिथूनच सरांना फोन लावला.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, दीपालीच्या जुन्या नमुन्याचाही आलेख आत्ता पाठवा. भागवतनं काढला. त्यात प्लॅटिनमच्या जागी काहीच नव्हतं, नुसते अ‍ॅल्युमिनाचे बसके उंचवटे.

थोड्या वेळानं सरांचाच फोन आला. आता त्यांचा आवाज बदलला होता. ते म्हणाले, म्हणजे पोळ्याआधीच्या पावडरीत प्लॅटिनम नव्हतंच. तिचे सगळे निष्कर्ष बनावट. बोभाटा होईल म्हणून तिनं घाईघाईनं आता कुठूनतरी घातलं. "ताई, मी एका चोरीचं म्हणत होतो," ते म्हणाले. "तुम्ही दोन गुन्हे सिद्ध करून दिले."

माझं डोकं चालेना. प्लॅटिनम नव्हतं तेव्हा बुडबुडे भरभर येत होते, आणि प्लॅटिनम आहे तर येत नाहीत. हे म्हणजे गॅस बंद असताना दूध उतू जावं आणि पेटवल्यावर थंड पडावं, तसलं काहीतरी. मी बुडबुडे डोळ्यांनी पाहिले होते, गेल्या दिवाळीत तिनं व्हिडिओ कॉलवर दाखवले होते. ते बनावट कसे असतील?

भागवत गोलूला स्क्रूड्रायव्हरपासून लांब ठेवत होता. मी त्याला तेच विचारलं, पहिल्या नमुन्यात प्लॅटिनम नसताना तो चालला कसा.

"नव्हतं कोण म्हणतंय?" तो म्हणाला. "दिसलं नाही एवढंच. कण लई बारीक असले तर ह्या यंत्राला दिसतच नाहीत. शिखर उमटायला कण थोराड लागतो."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं सांगितलं, आणि या वेळी ते माझ्या डोक्यात माझ्या भाषेत उतरलं. गोलूसाठी मी नाचणीचं सत्त्व करते. हात नीट फिरवला नाही तर गुठळ्या होतात. नाचणी तेवढीच असते, पण गुठळीच्या आतल्या पिठाला पाणी लागतच नाही, ते कोरडंच राहतं. प्लॅटिनमचंही तसंच. कण बारीक असले तर जवळजवळ प्रत्येक अणू उघड्यावर असतो आणि द्रव त्याला भिडतो. तेच कण एकमेकांत मिसळून मोठे झाले तर बहुतेक अणू आत दडपतात. वजन तेवढंच राहतं, काम करणारा पृष्ठभाग मात्र उरत नाही. म्हणून पहिल्या पावडरीत प्लॅटिनम दिसत नव्हतं आणि काम होत होतं, दुसरीत ठळक दिसत होतं आणि काम बंद. पावडर बदललीच नव्हती. कण वाढले होते.

"पण वाढतील कशानं?" मी विचारलं.

"उष्णतेनं. साधीसुधी नाही. पाचशे अंशांपर्यंत तर दीपाली स्वतःच भाजती, त्यानं इतकं होत नाही. त्याच्या कितीतरी वर गेलं असणार. रंगही त्यानंच गेला असंल."

कुलुपाच्या कपाटात बाटली तापत नाही. मी दीपालीला फोन लावला आणि म्हटलं, आता खोटं बोललीस तर मी परत येणार नाही. तिनं सगळं सांगितलं.

श्रावणात पावडर हवेतलं पाणी ओढते. नमुने कोरडे ठेवायची काचेची पेटी केव्हाची फुटलेली. म्हणून ती आणि संगमेश आपापले क्रुसिबल, म्हणजे चिनीमातीच्या वाट्या, बंद फर्नेसमध्ये ठेवायचे, मागच्या कोपऱ्यात विटेच्या आड. सगळ्या प्रयोगशाळेत कोरडी जागा तेवढीच. सरांनी त्यावर सक्त मनाई केली होती. फर्नेसमध्ये कुणाचं काही विसरलेलं दिसलं तर रजिस्ट्रेशन रद्द, असं सगळ्यांसमोर सांगितलेलं. सुट्टीला गावी जाताना तिनं क्रुसिबल तिथं ठेवला. आली तेव्हा फर्नेस बंद होती, थंड होती, काट्यावर तापमान नेहमीचंच लावलेलं होतं. पावडर तेवढी राखाडी. तिनं ती बाटलीत भरली, बाटली कपाटात ठेवली आणि सांगितलं की कपाटातच होती.

"फर्नेस गार होती, वहिनी. देवाशप्पथ गार होती. मग त्याचा काय संबंध, म्हणून नाही बोलले."

मला वाटलं, आता कळलं. संगमेशला ती वाटी कुठं असते हे माहीत होतं. त्यानं सुट्टीत येऊन फर्नेस पेटवली, तिची पावडर जाळली आणि काटा पुन्हा होता तिथं आणून ठेवला.

हे सरांच्या कानावर घालायला मी समितीच्या आदल्या दिवशी पुन्हा नांदेडला, त्यांच्या घरी गेले, आणि तिथं माझं सगळं अनुमान एका बैलानं पाडलं.

४

सर अजून आले नव्हते. त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकूंनी चहा टाकला. मी संगमेशबद्दल काय आणि कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, त्यामुळे गोलूवरचं लक्ष क्षणभर हटलं. तेवढ्यात तिनं शोकेसच्या खालच्या फळीवरून मातीचा बैल उचलला आणि फरशीवर आपटला.

मी डोळे मिटले. पण तुकडे व्हायचा आवाज झाला नाही. छपराचं कवेलू वाजावं तसा टणक आवाज आला. बैल उताणा पडला होता, शिंगंसुद्धा शाबूत.

घरात गोठा नसलेले लोक पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करतात. कुंभार ते उन्हात वाळवून, वर रंग देऊन विकतात. भाजत कुणी नाही. आमच्याकडचा बैल यंदा पिशवीतून काढतानाच मान टाकून बसला होता. हा मात्र भाजलेला होता, लालबुंद.

काकू स्वयंपाकघरातून हसत आल्या. "फुटायचा नाही तो," म्हणाल्या. "दरवर्षी पूजेआधीच शिंग मोडतं आणि नातू भोकाड पसरतो. म्हणून यंदा ह्यांनी बिनरंगी बैल आणले आणि कॉलेजच्या भट्टीत भाजून घेतले. एकाचा पाय तेवढा तडकला."

मी पर्स उघडली. गोलूच्या तोंडातून काढलेली लाल कपची अजून तिथंच होती. फर्नेसच्या आतल्या विटा पांढुरक्या असतात हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

सर आले. मी उभी राहिले, पण संगमेशचं नाव घेतलं नाही. विचारलं, "सर, बैल किती तापमानावर भाजले?"

"आठशेच्या वर नेलं होतं," ते खुशीत म्हणाले. "त्याखाली माती पक्की होत नाही. रविवारी दिवसभर बसलो होतो. नंतर काटा होता तिथं आणून ठेवला, पोरांचा गोंधळ नको."

"आणि आत मागं, विटेच्या आड काय होतं ते बघितलं होतं?"

सर चप्पल काढता काढता थांबले. "काही नव्हतं. असायलाच नको. तसा नियम आहे माझा."

"आणि असलंच तर?"

"तर ज्यानं ठेवलं त्याचं..." ते बोलता बोलता फरशीवरच्या बैलाकडं बघायला लागले. मी गोलूला उचललं आणि निघाले.

रस्त्यानं जाताना मला आनंद व्हायला हवा होता. पण चोरी नाही हे सिद्ध करायचं तर क्रुसिबल फर्नेसमध्ये होता हे सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की रजिस्ट्रेशन नियम मोडल्याबद्दल जाणार. कुठल्या दारानं गेलं तरी दीपाली नायगावलाच पोचत होती.

मी दीपालीला बैलांचं आणि नियमाचं, दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "संगमेशचं नाव नका घेऊ. त्याची वाटी सुट्टीत तिथं नव्हती." त्यापुढं काय करायचं ठरवलंय ते तिनं मला सांगितलं नाही.

५

शुक्रवारी सासूबाई, पंचफुलाबाई, काळी-पिवळी जीपनं आल्या. हातात रिकामी पिशवी, लेकीचे कपडे भरायला. आल्या आल्या मला म्हणाल्या की पोरीला उगं कोर्टकचेरीत घालू नका, गुमान घरी येऊ द्या. मी म्हटलं, आत्या, दुपारपर्यंत थांबा.

खोलीत प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि वीरभद्र सर. मला बोलायची परवानगी होती, पण दीपाली आधी उठली. तिनं सगळं सांगितलं. पावडर कपाटात नव्हती, फर्नेसमध्ये होती, मनाई असताना ठेवली आणि वर खोटं बोलले. सांगताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

मग मी कणांचं सांगितलं, नाचणीच्या गुठळ्यांसकट. भागवतकडं पहिल्या नमुन्यातली थोडी बदामी पावडर उरली होती, ती मी आणली होती. म्हटलं, हिचे दोन भाग करा. एक आहे तसा ठेवा, एक आठशेच्या वर भाजा. फर्नेसमध्ये सगळ्यांसमोर ठेवा. पावडर तीच असेल, तुमच्या नजरेखालून हलणार नाही.

एक प्राध्यापक म्हणाले, पण सुट्टीत फर्नेस एवढी तापली हे कशावरून? कुणी तापवली?

मी सरांकडं बघितलं नाही. त्यांनी स्वतःच सांगावं म्हणून बघायचं नाही असं ठरवून आले होते. प्राचार्य म्हणाले, आधी करून तर बघा.

फर्नेस तापून निवेपर्यंत दुपार उलटली. बाहेर लिंबाजीमामांनी सासूबाईंना चहा पाजला, गोलूनं त्यांची पिशवी डोक्यात घालून घेतली. क्रुसिबल बाहेर काढला तेव्हा आतली पावडर राखाडी होती. न भाजलेली चिमूट नळीत घातली, बुडबुडे भरभर आले. भाजलेली घातली. आम्ही सगळे त्या पाण्याकडं बघत उभे राहिलो. एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काही नाही.

वीरभद्र सरांनी चष्मा काढला. "फर्नेस मी तापवली होती," ते म्हणाले. "नातवाचे पोळ्याचे बैल भाजायला. मागं बघितलं नाही."

एक प्राध्यापक खोकल्याच्या निमित्तानं दुसरीकडं वळले. सरच पुढं म्हणाले की नियम मोडल्याबद्दल दीपालीला काढायचं तर फर्नेसमध्ये माती भाजणाऱ्यालाही काढावं लागेल, आणि नमुने कोरडे ठेवायची पेटी फुटली तेव्हा ती बदलून देणं त्यांचंच काम होतं. प्राचार्यांनी निर्णय दिला. चोरी नाही, बनावट नाही, दोघांना समज, रजिस्ट्रेशन कायम.

दीपाली खुर्चीत बसली आणि तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, संपलं. सगळे उठले, बाहेर व्हरांड्यात आले. वर्ग सुटले होते, पोरापोरींची गर्दी होती, आणि आमच्याकडं बघून कुजबुज चाललेली स्पष्ट दिसत होती. संगमेश त्यांच्यातच उभा होता. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती ती दीपाली चोर एवढीच.

सासूबाई सरांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, मला ते कण न् फिण समजत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला चोर म्हणलं होतं का न्हाई, एवढं सांगा."

सर म्हणाले, "म्हणलं होतं."

"कुठं म्हणलं?"

"इथंच. सगळ्यांसमोर."

"मंग न्हाई म्हणायचं ते खोलीत बसून कसं भागंल? आमच्या गावापत्तूर चोर म्हणून खबर आली, तशीच ही बी येऊ द्या की."

सरांनी इकडंतिकडं बघितलं. मला वाटलं ते पुढं निघून जातील. पण ते वळले, व्हरांड्याच्या मधोमध गेले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या आवाजात म्हणाले की दीपालीनं काहीही चोरलेलं नाही, पावडर माझ्या हातनं बिघडली, आणि हे ज्यानं त्यानं आपापल्या गावी सांगावं.

त्या आवाजानं माझ्या खांद्यावर झोपलेली गोलू दचकून जागी झाली. एरवी मी लगेच थोपटून निजवते. त्या दिवशी नाही थोपटलं. म्हटलं, ऐकू दे.